मधल्या सुट्टीतल्या चिनी शेवया

सामना पाहण्याचा आनंद घरातील सर्वांना सारखाच मिळतो, असा एक गोड समज आपल्या घरांतून पिढ्यानपिढ्या नांदत आला आहे. दूरदर्शन संचासमोर दहा माणसे बसलेली असतात. पण त्या दहांत घरची गृहिणी बहुधा नसते. ती असते ओट्याशी. तिला सामना दिसत नाही, ऐकू येतो. बाहेर एकदम गलका उठला की तिने ओळखायचे, चौकार गेला. गलका उठून अर्ध्यावर विरला की समजायचे, चेंडू सीमेपाशी अडला. आणि सारेच एकाएकी गप्प झाले की न विचारता जाणायचे, आपला भरवशाचा फलंदाज तंबूत परतला. हातातले भजे तेलात सोडून ती दारापर्यंत येते, "काय झाले रे?" म्हणून विचारते, आणि उत्तर मिळते, "काही नाही ग आई, पुन्हा दाखवतील. भजी झाली का?"

आता पुन्हा दाखवतात हे खरे. पण पुन्हा दाखविलेला षटकार आणि प्रत्यक्ष त्या क्षणी श्वास रोखून पाहिलेला षटकार यांत जे अंतर आहे, ते शिळ्या आणि ताज्या पोळीतल्या अंतराहून कमी नाही. म्हणून आज आम्ही वाचकांपुढे एक पाककृती ठेवीत आहोत ती निव्वळ चवीसाठी नव्हे. तीत गृहिणीला ओट्याशी किती वेळ उभे राहावे लागते, हा आमच्या दृष्टीने मुख्य मुद्दा आहे.

इंदूरच्या मराठी घरांना क्रिकेटचे वेड नवे नाही. १९४५-४६ ते १९५२-५३ या आठ हंगामांत होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक आणला, आणि कर्नल सी. के. नायडूंच्या उत्तुंग फटक्यांच्या कथा ऐकत येथील दोन-तीन पिढ्या वाढल्या. पुढे होळकर संघातूनही खेळलेल्या भाऊसाहेब निंबाळकरांची गोष्ट तर या लेखाच्या विषयाशी थेट जोडलेली आहे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्याला महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध खेळताना ते नाबाद ४४३ धावांवर होते. ब्रॅडमनच्या ४५२ धावांचा तेव्हाचा विश्वविक्रम अवघा ९ धावांवर उभा होता. पण मधल्या सुट्टीत प्रतिपक्षाच्या कर्णधाराने सामनाच सोडून दिला! खाण्यापिण्याच्या सुट्टीत काय काय घडू शकते, याचे याहून हळहळ लावणारे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

नंतर आकाशवाणी आली. आमच्याच गावच्या सुशील दोशींचे हिंदी समालोचन कानाशी धरलेल्या ट्रान्झिस्टरवरून घराघरांत पोहोचले. एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे: रेडिओच्या काळात गृहिणीवर अन्याय कमी होता. आवाज स्वयंपाकघरातही तितकाच ऐकू येई. पोळ्या लाटता लाटता धावसंख्या तिला तोंडपाठ असे. ज्या दिवशी सामना चित्रात आला, त्या दिवशी तो बैठकीच्या खोलीत गेला आणि स्वयंपाकघर त्यापासून तुटले. त्यात पाहुणे वाढले. ज्याच्या घरी संच, त्याच्या घरी आळी. आणि आळी आली म्हणजे तिच्यासाठी पोहे आले, कचोरी आली, साबुदाण्याचे वडे आले. पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस आला. भुट्ट्याचा कीस हे माळव्याचे भूषण खरे, पण डझनभर कणसे किसून, दुधात शिजवून, तळाला लागू नये म्हणून सतत ढवळीत बसायचे म्हणजे पाऊण तास सहज जातो. तेवढ्यात तीन गडी बाद होऊ शकतात.

याच काळात आपल्या खाण्यात नूडल्स शिरल्या. १९८० नंतरच्या दशकात 'दोन मिनिटांत' शिजणाऱ्या शेवयांची पुडी आली आणि मुलांनी ती डोक्यावर घेतली. त्या शेवया कारखान्यात आधीच शिजवून, बहुधा तेलात तळून वाळवलेल्या असतात; म्हणूनच त्या लवकर मऊ पडतात. अशा झटपट शेवयांची कल्पना जपानमधील मोमोफुकु आंदो यांची, १९५८ सालची. आम्ही बोलत आहोत त्या नूडल्स वेगळ्या. या न तळता वाळवलेल्या, लांब, सुट्या, किराणा दुकानात 'हाक्का नूडल्स' या नावाने मिळणाऱ्या. यांना उकळावे लागते, निथळावे लागते आणि मग मोठ्या आचेवर भाज्यांबरोबर परतावे लागते.

आमच्या आजीच्या पिढीतील बायकांनी या पदार्थाला पाहताच 'चिनी शेवया' असे नाव दिले, ते आम्हांस फार समर्पक वाटते. शेवयांचे आपल्याला काय अप्रूप? चैत्र-वैशाखात गच्चीवर पाट मांडून, रव्याचा मळलेला गोळा ताणून ताणून केसासारख्या बारीक शेवया काठीवर वाळत घालणाऱ्या बायका, आणि सावलीत बसून गव्हले, मालत्या, नखुले वळणाऱ्या मुली, हे दृश्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना पिठाचा धागा काढण्याचे कौशल्य नवे नाही. चीनमध्ये हे कौशल्य फार जुने आहे. त्या देशाच्या वायव्य भागात लाजिया नावाच्या स्थळी उत्खननात एक पालथा पडलेला वाडगा सापडला आणि त्याखाली सुमारे ४००० वर्षांपूर्वीच्या शेवया निघाल्या, असे २००५ साली संशोधकांनी प्रसिद्ध केले. त्या गव्हाच्या नव्हत्या. राळे आणि त्याच्याच जातीच्या भरड धान्याच्या होत्या, असे त्यांचे म्हणणे. चिनी भाषेत 'चाउ' म्हणजे परतणे आणि 'मीन' म्हणजे पिठाच्या शेवया. आपल्या गाड्यांवरच्या पाट्यांवर जे 'चाउमीन' रंगवलेले असते, त्याचा अर्थ इतका साधा आहे.

'हाक्का' या शब्दाचा अर्थ मात्र आम्हांला थोडा थांबवून गेला. हाक्का म्हणजे 'पाहुणी कुटुंबे'. हे लोक मूळचे उत्तर चीनचे. शतकानुशतके सरकत सरकत दक्षिणेत आले, आणि तेथे कित्येक पिढ्या राहूनही त्यांचे नाव पाहुणे असेच राहिले. त्यांच्यातील काही कलकत्त्यास आले. तेथे चिनी वस्तीची सुरुवात अठराव्या शतकाच्या अखेरीस झाली होती. हुगळीकाठी साखरेचा कारखाना काढणाऱ्या आच्यू नामक चिनी गृहस्थावरून आछीपूर हे गाव आजही ओळखले जाते. हाक्का मंडळींनी पुढे चामडे कमावण्याचा आणि जोड्यांचा धंदा धरला, तांग्रा भागात वस्ती केली, आणि त्यांच्या स्वयंपाकघरांतून बंगाली जिभेला रुचेल असा हिरव्या मिरचीचा, लसणीचा, झणझणीत चिनी पदार्थांचा एक नवाच संप्रदाय निघाला. चीनमधला माणूस तो खाऊन कदाचित आश्चर्यच करील. १९६२ च्या युद्धानंतर या लोकांवर वाईट दिवस आले. येथेच जन्मलेल्या हजारो चिनी वंशाच्या माणसांना राजस्थानातील देवळीच्या छावणीत नेऊन ठेवण्यात आले, कित्येकांनी नंतर देश सोडला. कॅनडातील टोरोंटो शहरात आज 'हाक्का' पाट्यांची जी उपाहारगृहे दिसतात, तेथे हिंदुस्थानी मसाल्याचे चिनी जेवण मिळते, ते यामुळे.

आपणही अठराव्या शतकात होळकर-शिंद्यांच्या मागोमाग माळव्यात आलेली माणसे. तीन शतके होत आली, तरी सुट्टीत पुण्याला गेलो की कोणी ना कोणी "तुमचे मराठी जरा वेगळेच वाटते हो" असे म्हणते. आणि आपण कोबीला पत्तागोबी म्हटले की हसते. पाहुण्या कुटुंबांचा पदार्थ आपल्या घरात इतक्या सहज का रुळला असावा, याचे उत्तर आम्ही त्या हसण्यात शोधतो. मुंबईतही चिनी खाण्याचा आणि क्रिकेटचा संबंध जुळलाच होता: कलकत्त्याहून आलेले नेल्सन वाँग यांनी क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात १९७५ साली 'मंचुरियन' हा पदार्थ प्रथम केला, असे सांगतात. त्यात चिनी फारसे काही नाही. आले, लसूण, मिरची आणि शेवटी सोया सॉस.

आता पाकसिद्धीकडे वळू.

चार-पाच माणसांसाठी ३०० ग्रॅम हाक्का नूडल्स पुरतात. मोठ्या पातेल्यात तीन लिटर पाणी खळखळा उकळावे. पाणी कमी घेण्याचा मोह टाळावा. थोड्या पाण्यात पिठूळपणा दाटतो आणि शेवया एकमेकींना चिकटतात. पाण्यात दोन लहान चमचे मीठ आणि एक चमचा तेल घालून शेवया सोडाव्या, झाऱ्याने एकदा मोकळ्या कराव्या, आणि चार मिनिटांनी एक शेवई काढून दाताखाली धरून पाहावी. आत किंचित कणी लागली पाहिजे. पूर्ण मऊ होईपर्यंत थांबले तर पुढे कढईत त्यांचा लगदा होतो. लगेच रोवळीत ओतून वरून भरपूर गार पाणी सोडावे म्हणजे शिजण्याची क्रिया तेथेच थांबते आणि वरचा चिकट पिठूळ थर धुऊन जातो. चांगल्या निथळल्यावर दोन चमचे तेल हातानेच चोळून परातीत पसरून ठेवाव्या.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट येथे आहे: हे सारे सामना सुरू होण्याआधी करून ठेवायचे. परातीत पसरलेल्या, तेल लावलेल्या शेवया तीन-चार तास सुखाने राहतात. उन्हाळा असला तर झाकून शीतकपाटात ठेवाव्या. उलट गार, सुकलेल्या शेवयाच कढईत सुट्या राहतात, ताज्या वाफाळत्या शेवयांचा गोळा होतो. म्हणजे ज्या कामाला आधी करून ठेवल्याने हानी नाही, नफाच आहे, असे हे दुर्मीळ काम. भज्यांचे पीठ आधी भिजवले तर कांद्याला पाणी सुटते, कचोरी आधी तळली तर मऊ पडते. पोहे आधी भिजवण्याचे तर नाव नको.

भाज्याही तशाच आधी चिरून ठेवाव्या. दोन वाट्या पत्तागोबी, एक गाजर, एक सिमला मिरची, आठ-दहा फरसबीच्या शेंगा आणि पातीचा कांदा. सर्व लांब आणि काडीसारखे बारीक चिरायचे, कारण शेवयांबरोबर काट्यात यायला हवे. कांद्याचा पांढरा भाग वेगळा, हिरवी पात वेगळी. आठ पाकळ्या लसूण आणि बोटभर आले अगदी बारीक. दोन हिरव्या मिरच्या उभ्या. भाजी चिरून झाल्यावर धुऊ नये, आधी धुऊन कोरडी करावी. ओली भाजी कढईत गेली की ती परतली जात नाही, उकडली जाते.

एका वाटीत सोया सॉस दीड मोठा चमचा, व्हिनेगर एक लहान चमचा, मिरपूड अर्धा चमचा आणि चिमूटभर साखर कालवून ठेवावी. वाटी कढईच्या उजव्या हाताला ठेवली तर आयत्या वेळी शोधाशोध होत नाही. 'अजिनोमोतो' हवेच असे नाही. ते मोनोसोडियम ग्लुटामेट. १९०८ साली इकेदा नावाच्या जपानी रसायनतज्ज्ञाने समुद्रशैवालाच्या कढातील रुचीचे मर्म शोधून काढले, त्यातून ते निघाले. नेहमीच्या अल्प प्रमाणात ते बहुतेकांना बाधत नाही असे आजचे शास्त्र सांगते. परंतु त्याच द्रव्याची रुची सोया सॉसमध्ये मुळातच असताना वेगळी चिमूट घालण्याचे प्रयोजन काय, असा आमचा साधा प्रश्न आहे.

सोया सॉसविषयी दोन शब्द अधिक. सोयाबीन आणि गहू आंबवून, मिठाच्या पाण्यात महिनोन्महिने मुरवून तो करतात; आपल्या लोणच्याचाच हा लांबचा भाऊबंद. ज्या माळव्याच्या काळ्या मातीत १९७० नंतर सोयाबीन पसरले, ज्या इंदुरात सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, त्या गावच्या आपण माणसांनी हे काळे पाणी परके समजावे, याची आम्हांला गंमत वाटते. मात्र त्याच्या एका मोठ्या चमच्यात दोन ग्रॅमांहून अधिक मीठ असते, आणि प्रौढ माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमांपेक्षा कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा शेवयांच्या पाण्यात मीठ, सॉसमध्ये मीठ आणि वरून पुन्हा मीठ, असे करू नये. रक्तदाबाचे माणूस घरात असेल तर उकळत्या पाण्यातले मीठ गाळावे, आणि वरचे तर घालूच नये. सामना अटीतटीचा असला तर त्या माणसाच्या रक्तदाबाला आणखी निमित्त नको.

आता कढई. लोखंडाची हवी, पसरट हवी, आणि धूर येऊ लागेपर्यंत तापलेली हवी. उपाहारगृहाच्या भट्टीची ज्वाला घरच्या शेगडीला नसते. म्हणून त्यांच्यासारखे एकदम पाच जणांचे परतायला जाऊ नये. गार शेवयांचा ढीग पडला की कढई थंडावते, पाणी सुटते, आणि ज्याला आपण 'गाड्यासारखी चव' म्हणतो ती येत नाही. ती चव म्हणजे दुसरे काही नसून तापलेल्या लोखंडावर क्षणभर टेकून किंचित करपलेल्या पिठाची आणि सॉसची. तेव्हा अर्धे-अर्धे करून दोन घाणे करावे. पहिल्या घाण्यासाठी दोन चमचे तेल, त्यात अर्धे आले-लसूण-मिरची. लसूण लाल होऊ न देता कांद्याचा पांढरा भाग, लगोलग गाजर आणि फरसबी. अर्ध्या मिनिटाने पत्तागोबी आणि सिमला मिरची. आच शेवटपर्यंत मोठी. भाजीचा कच्चा रंग उतरला, पण तिचा कुरकुरीतपणा आहे, अशा वेळी अर्ध्या शेवया, कडेने अर्धा सॉस, आणि दोन उलथन्यांनी खालून वर उचलत मिनिटभर परतणे. मीठ लागलेच तर आता. आधी घातले तर भाज्यांना पाणी सुटते. वरून पात भुरभुरली की झाले. एका घाण्याला तीन मिनिटे, दोन्ही मिळून सहा-सात.

हिशेब षटकांत मांडू, कारण मंडळींना तोच समजतो. ट्वेंटी-ट्वेंटी सामन्यात २० षटकांचा डाव सुमारे दीड तास चालतो. म्हणजे षटकाला चार-साडेचार मिनिटे. शेवया शिजतात एका षटकात, आणि दोन्ही घाणे उतरतात दीड षटकात. मधली सुट्टी तेथे २० मिनिटांच्या आसपास, आणि एकदिवसीय सामन्यात बहुधा त्याहून बरीच मोठी. म्हणजे परतून, वाढून, शिवाय तज्ज्ञ मंडळींच्या चर्चेतील निरर्थक भागही ऐकून गृहिणी दुसऱ्या डावाच्या पहिल्या चेंडूला आपल्या जागी बसलेली असते. हे गणित आम्ही वारंवार पडताळून पाहिले आहे. अपवाद एकच ध्यानात आहे: २५ डिसेंबर १९९७ रोजी येथल्याच नेहरू स्टेडियमवर श्रीलंकेविरुद्धचा सामना खेळपट्टी धोक्याची ठरल्यामुळे ३ षटकांतच गुंडाळला गेला. त्या दिवशी कोणताही पदार्थ वेळेवर झाला नसता.

वाढताना ताटे काढू नयेत. खोलगट वाडगा आणि काटा द्यावा. मांडीवर वाडगा राहतो, रस सांडत नाही, सतरंजीवर चुरा पडत नाही, आणि डोळे संचावर ठेवून खाता येते. मैद्याचाच पदार्थ आहे, पोटाला आधार हवा, असे ज्यांना वाटते त्यांनी मूठभर मोड आलेले मूग किंवा पनीरचे तुकडे भाज्यांबरोबर घालावे. चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्या आजी-आजोबांसाठी पहिला घाणा निव्वळ आले, मिरपूड आणि भाज्यांवर काढावा; कढई त्यानंतर लसणीला मोकळी. काही इंदुरी घरांत वरून शेव भुरभुरण्याची चाल आहे. पोह्यांवर शेव, चाटवर शेव, दह्यावर शेव, मग शेवयांनीच काय पाप केले? आमचे मत प्रतिकूल आहे, पण या गावात शेवेविरुद्ध लिहून मासिक चालत नाही, हेही आम्ही जाणून आहोत.

आता ज्यासाठी हा खटाटोप, त्याविषयी. महिलांच्या विश्वचषकाचे काही सामने २०२५ साली आपल्या होळकर स्टेडियमवर झाले. ऐन दिवाळीच्या तोंडावर, १९ ऑक्टोबरला, भारत आणि इंग्लंड येथे भिडले. २८९ धावांचे लक्ष्य, स्मृती मानधनाच्या ८८, आणि हाताशी आलेला सामना अवघ्या ४ धावांनी गेला. त्या संध्याकाळी शहरातल्या किती गृहिणी चकल्यांच्या सोऱ्याशी होत्या, याची मोजदाद कोणी केली नाही.

आमच्या परिचयातील एका घरी त्या रात्री असे घडले की चिवड्याच्या फोडणीपाशी उभ्या असलेल्या सूनबाईंना शेवटचे षटक पाहता आले नाही. त्यांच्या सासूबाई, वय ७८, बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत होत्या. सूनबाई येईपर्यंत संचावर खेळाडूंचे उतरलेले चेहरे तेवढे उरले होते. सासूबाईंनी पन्नास वर्षे याच घरात सामने कानांनी पाहिलेले. १९८३ सालचा विश्वचषकही त्यांनी पुऱ्या तळता तळता ऐकला होता. त्या एवढेच म्हणाल्या, "माझे गेले ते गेले, ग. तू कशाला तीच री ओढतेस?" आणि मग चिरंजीवांकडे वळून, "अरे, पुढच्या सामन्याला तळण बंद. काय करायचे ते तुम्ही ठरवा."

ठरले ते हेच. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत अंतिम सामना होता, प्रतिस्पर्धी दक्षिण आफ्रिका. दुपारी शेवया उकडून परातीत पसरल्या. भाज्या नातवाने चिरल्या. पत्तागोबीच्या काड्या बोटाएवढ्या जाड झाल्या, पण कोणी नावे ठेवली नाहीत. पावसाने सामना दोन तास उशिरा, पाचला सुरू झाला, आणि तरीही त्या शेवयांचे काही बिघडले नाही. भज्यांचे पीठ असते तर टाकून द्यावे लागले असते. भारताच्या २९८ धावा झाल्या, आणि जेवणवेळेला मधली सुट्टी आली. सूनबाई उठू लागल्या तशी चिरंजीवांनी पदर नव्हे, पण पंचा खोचला आणि दोन्ही घाणे स्वतः काढले. पहिला थोडा खारट झाला. शेफाली वर्मा, जिने ८७ धावा केल्या होत्या आणि जी मुळात संघातही नव्हती, जायबंदी खेळाडूच्या जागी आयत्या वेळी आली होती, तिने पुढे दोन बळीही घेतले. दीप्ती शर्माने पाच घेतले. मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिण आफ्रिकेचा डाव २४६ वर आटोपला, आणि शेवटचा झेल कर्णधार हरमनप्रीतने मागे धावत टिपला, तो त्या घरी तिन्ही पिढ्यांनी एकाच वेळी पाहिला.

"पुन्हा दाखवतील," नातू म्हणाला.

"दाखवू देत," सासूबाई म्हणाल्या, "मी पाहिला."

उरलेल्या शेवयांविषयी सांगायचे राहिले. परतलेल्या उरल्या तर झाकून शीतकपाटात ठेवाव्या आणि दुसऱ्या दिवशी संपवाव्या. सकाळी कढईत चमचाभर तेल, मोहरी, कढीपत्ता, थोडे शेंगदाणे यांची फोडणी करून त्यात त्या मोकळ्या करून टाकाव्या, वर पाण्याचा हबका मारून दोन मिनिटे झाकण ठेवावे, आणि उतरवताना अर्धे लिंबू पिळावे. सोया सॉस पुन्हा घालू नये. शेवयांच्या उपम्याच्या जवळ जाणारा हा प्रकार मुलांच्या डब्यात चालतो. न परतलेल्या, नुसत्या उकडलेल्या शेवया उरल्या असतील तर त्याही दुसऱ्या दिवसापर्यंतच ठेवाव्या. आंबूस वास आला तर मोह धरू नये.